स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई, एकटी सून आणि सेवेची वाटणी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावातून एका गृहिणीने पत्राने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंचे वय ७८. तीन-चार वर्षांपूर्वी विसरायला सुरुवात झाली आणि स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे, निदान होऊन आता दीड वर्ष झाले. अलीकडे त्या ‘सुनेने माझी बोरमाळ चोरली’ असे शेजारीपाजारी सांगत फिरतात, दिवेलागणीला कपड्यांचे गाठोडे बांधून ‘घरी जाते’ म्हणत दाराशी उभ्या राहतात, रात्री झोपत नाहीत आणि मध्येच कन्नडमध्ये बोलू लागतात, ते सुनेला नीट समजत नाही. पती गोव्यात कारखान्यात नोकरीला असून आठवड्याच्या सुट्टीला घरी येतात. दीर बेळगावात आहेत, नणंद पुण्यात. आईने प्रत्येकाकडे महिना-महिना राहावे असे घरात घाटत आहे, तर गावातील काही जणांच्या मते हे ‘बाहेरचे’ आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘माझे कुठे चुकते ते सांगा.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ताई, एका माणसाने चोवीस तास, सुट्टी न घेता करावे असे हे कामच नाही, आणि आपण ते दीड वर्ष करीत आहात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत आजारी माणसाचे वागणे कसे सुधारेल हाच पहिला प्रश्न असतो. तो रास्त आहे, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कुटुंबांबरोबर इतकी वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की सेवेची वाटणी हाच या आजारातील उपचाराचा पाया आहे आणि ती झाली नाही तर बाकीचे सगळे सल्ले कागदावर राहतात. याला आपल्या शेजारचाच पुरावा आहे. गोव्यातील ८१ कुटुंबांबरोबर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गावातल्याच साध्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिने घरी जाऊन कुटुंबाला आजाराची माहिती दिली, वागण्याच्या अडचणींवर मार्ग सुचवले आणि कामात इतर नातेवाइकांना ओढून आणले. रुग्णाच्या वागण्यात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. सांभाळणाऱ्याच्या मनावरील ताण मात्र स्पष्टपणे कमी झाला. म्हणजे आजार तेवढाच राहूनही घर सावरू शकते.

आता सासूबाईंकडे वळू. निदान झालेले असले तरी काही गोष्टी एकदा तपासून घ्याव्यात, कारण स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे किंवा तो वाढवणारे काही त्रास बरे होण्यासारखे असतात. थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती अधिक आढळते), रक्तातील सोडियम कमी होणे, पडून डोक्याला मार लागल्यानंतर मेंदूभोवती हळूहळू साचलेले रक्त आणि उतारवयातील नैराश्य ही त्यांतली मुख्य कारणे. यातील काही रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात, काहींसाठी सीटी स्कॅन लागतो. त्याबरोबर कान आणि डोळे तपासून घ्यावेत. कानात साठलेला मळ आणि पिकलेला मोतीबिंदू यांच्यामुळे संशय वाढतो. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला शेजारच्या खोलीतले बोलणे आपल्याविरुद्धची कुजबूज वाटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘आता या वयात कशाला’ म्हणून पुढे ढकलू नये.

कन्नडमध्ये बोलण्याविषयी आपण जे लिहिले आहे ते आपल्या भागात मी नेहमी पाहतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सासूबाईंचे माहेर बैलहोंगलकडचे, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, असे आपण कळवले आहे. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या पुष्कळ काळ टिकतात. लहानपणी खेळताना, भांडताना तोंडी बसलेली भाषा अशा वेळी वर येते. आपण कन्नडमधले दहा-पंधरा शब्द शिकून घ्यावेत: जेवण, पाणी, झोप, दुखते का, भीती वाटते का, मी आहे. शेजारी कन्नड बोलणारी एखादी म्हातारी असेल तर तिला दुपारची घटकाभर बसायला बोलवावे. उलट स्थितीही असते: सरकारी दवाखान्यात तपासणी कन्नडमध्ये होते आणि आयुष्यभर मराठी बोललेल्या माणसाला प्रश्नच न कळल्यामुळे गुण कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी प्रश्नसंच बनवला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या ५ भाषांत. त्यांत मराठी नव्हती. म्हणून रुग्णाची भाषा कोणती, शिक्षण किती, हे तपासणीपूर्वी डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि जमल्यास दुभाषी म्हणून सोबत बसू देण्याची विनंती करावी. स्थळकाळाच्या प्रश्नांतही सीमाभागाची एक गंमत नसलेली अडचण आहे. ‘आपण कोणत्या राज्यात आहोत’ या प्रश्नाला ७८ वर्षांची बाई ‘मुंबई’ म्हणाली तर ते केवळ चुकीचे उत्तर मानून पुढे जाऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ मध्ये. त्या उत्तरावरून डॉक्टरांना कळते की रुग्ण त्या घडीला आपल्या लहानपणात वावरत आहे, आणि घरच्यांना कळते की तिच्याशी कोणत्या काळातल्या गोष्टी बोलाव्यात.

औषधांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे आजार थांबवत नाहीत; काही रुग्णांत काही काळ थोडी मदत होते. डोनेपेझिलने मळमळ होऊ शकते, नाडी मंदावू शकते, म्हणून चक्कर आली तर लगेच कळवावे, पण गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. मला अधिक काळजी वाटते ती झोपेसाठी सुरू केलेल्या गोळीची. चिंता आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या, तसेच दुकानातून सहज मिळणाऱ्या सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, या वयात आणि या आजारात गोंधळ वाढवतात आणि रात्री उठताना पडण्याचे कारण होतात. सासूबाईंना दिवसभरात दिली जाणारी प्रत्येक गोळी, मग ती कोणीही दिलेली असो, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावी. भास आणि आक्रमकपणा यांसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला होता; कधी कधी ती लागतात, पण कमीत कमी मात्रेत, थोड्या मुदतीसाठी आणि कारण समजावून घेतल्यावरच.

एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाला, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही, सांगून ठेवावी. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या गतीने वाढतो. काल बरी असलेली व्यक्ती आज एकदम बरळू लागली, सारखी झोपेत राहू लागली, घटकेत शुद्धीवर आणि घटकेत भ्रमात असे होऊ लागले, तर ती आजाराची पुढची पायरी मानून घरी बसू नये. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, कित्येक दिवसांचे बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे, सोडियम उतरणे किंवा नवीन सुरू झालेले औषध यांपैकी काहीतरी घडलेले असते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. पावसाळ्यात खानापूर भागात माणसे ‘रस्ता सुधारला की नेऊ’ म्हणून थांबतात. असे थांबू नये.

बोरमाळेचा आरोप सर्वांत जास्त लागतो, कारण ज्या हातांनी सेवा होते त्याच हातांवर तो येतो. हे घडते कसे ते समजले तर घाव थोडा हलका होतो. हातातली मौल्यवान वस्तू जपून ठेवली पाहिजे ही जाणीव शाबूत असते, म्हणून त्या ती लपवतात. लपवल्याची आठवण मात्र काही मिनिटांतच पुसली जाते. वस्तू जागेवर नाही हे समोर दिसते, त्याचे कारण मन शोधते आणि घरात सतत वावरणारी व्यक्ती म्हणजे सून, तिचेच नाव पुढे येते. ‘मी घेतली नाही’ असे सांगून किंवा शपथा घेऊन उपयोग होत नाही, कारण वाद करायला लागणारी आठवणच तिथे नसते. ‘अरे देवा, बोरमाळ सापडत नाही? चला, आपण दोघी शोधू’ असे म्हणून त्यांच्याबरोबर उठावे. त्यांच्या लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात, थोड्या दिवसांत त्या आपल्याला पाठ होतील: तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, गोधड्यांच्या घड्या, देव्हाऱ्यामागचा कोनाडा. सापडली की ‘बघा, तुम्हीच ठेवली होती’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. खरी बोरमाळ पती, दीर आणि नणंद या तिघांच्या समोर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, तशी नोंद कागदावर करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि सासूबाईंच्या हाती तिच्यासारखी दिसणारी खोटी माळ द्यावी. शेजाऱ्यांना आजाराविषयी सांगण्याचे काम सुनेने करू नये. ते आपल्या पतींनी करावे, कारण मुलाच्या तोंडून ‘आईला आजार आहे, ती काय म्हणते त्यावर जाऊ नका’ हे ऐकल्यावर गल्लीतली कुजबूज थांबते.

दिवेलागणीचे ‘घरी जाते’ हे बोलणेही समजून घ्यावे लागते. संध्याकाळी मेंदू थकलेला असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, भूक लागलेली असते, कधी लघवीला जायचे असते पण ते सांगता येत नाही. त्या ज्या घराविषयी बोलतात ते बहुधा लहानपणीचे घर असते. ‘हेच तुमचे घर, आईवडील जाऊन वीस वर्षे झाली’ असे सांगितले तर त्यांच्यासाठी आईवडील त्या क्षणी पुन्हा एकदा मरतात, आणि हे रोज संध्याकाळी घडते. त्यापेक्षा विचारावे: घरी कोण कोण आहे, परड्यात काय लावले होते, आडाचे पाणी कोण काढायचे. बोलत बोलत अंगणातून एक फेरी मारावी आणि चहाला परत यावे. दिवे अंधार पडण्याआधीच लावावेत, सोप्यात आणि न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर वीज गेली तरी चालणारा एखादा दिवा ठेवावा, संध्याकाळचे खाणे थोडे अलीकडे आणावे. आरशातील माणसाला घाबरत असतील तर आरसा झाकून टाकावा.

रात्रीच्या झोपेचे उत्तर बहुतेक वेळा दिवसात असते. दुपारी दोन-तीन तास झोपणारी आणि हाताला काम नसलेली व्यक्ती रात्री झोपणार नाही. निपाणीतील एका घरी मी पाहिले, आयुष्यभर विड्या वळलेल्या एका आजींना मुलांची नावे आठवत नव्हती, पण त्यांची बोटे मांडीवर सतत वळत असत आणि घरचे ‘हा कसला चाळा’ म्हणून हात धरून ठेवत. त्यांच्या मुलीने त्यांचे जुने सूप काढले, तंबाखू न घालता पानाच्या आकाराचे कागद आणि दोऱ्याचे तुकडे त्यात ठेवले आणि सूप मांडीवर दिले. आजींनी कागद उलटसुलट करून पाहिला, शिरेच्या बाजूने असावा तसा फिरवला, वळला, टोक नखाने आत दुमडले आणि दोरा गुंडाळला. पंचवीस झाल्यावर जुडी बांधून बाजूला ठेवली, कुणीही सांगितल्याशिवाय. हातांची शिकलेली कामे मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात आणि पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. सासूबाईंनी आयुष्यभर काय केले ते आठवा: भात पाखडणे, शेंगा सोलणे, वाती वळणे, गोधडीला दोरे घालणे. काम खरे असावे, सोपे असावे आणि चुकले तरी कुणी हसू नये. वारकरी घर असेल तर हरिपाठाला बसवावे. नाव विसरलेल्या माणसांना अभंगाची पुढची ओळ येते, हे मी अनेकदा ऐकले आहे.

बाहेर निघून जाण्याचा धोका आपल्या भागात थोडा निराळा आहे. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या बसमधून तिकिटाचे पैसे लागत नाहीत. योजना चांगलीच आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की हातात एक रुपया नसलेली विसराळू बाई खानापूरला बसमध्ये चढून थेट हुबळीला उतरू शकते. सासूबाईंच्या पोलक्याच्या किंवा परकराच्या आतून एक कापडी चिठ्ठी शिवावी आणि तिच्यावर मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत ‘मला विसरण्याचा आजार आहे, या क्रमांकावर कळवा’ असे न पुसणाऱ्या शाईने लिहून दोन फोन क्रमांक घालावेत. बस थांब्याजवळचे दुकानदार, रिक्षावाले, गावावरून रोज जाणाऱ्या बसचे वाहक यांना फोटो दाखवून ठेवावा. दाराला वरच्या बाजूस, नजरेच्या टप्प्याबाहेर, कडी लावावी आणि उघडताच वाजेल अशी घंटा टांगावी. पण माणूस आत एकटा असताना बाहेरून कुलूप कधीही लावू नये. परड्यात उघडी विहीर असेल तर तिच्यावर जाळी हवी, आणि तो खर्च पुढे ढकलण्यासारखा नाही. माणूस सापडत नाही असे कळल्यावर तासभर आपण शोधून मग पोलिसांकडे जाण्याऐवजी लगेच ११२ ला फोन करावा.

अंघोळीवरून होणारी भांडणे एका वाक्यात मिटण्यासारखी असतात: रोज अंघोळ व्हायलाच हवी हा आग्रह सोडावा, एक दिवसाआड गरम पाण्याने, न्हाणीत उजेड करून, अंगावर पंचा ठेवून आणि डोक्यावर एकदम तांब्या न ओतता घालावी.

‘बाहेरचे’ आहे असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी सुनेने भांडण काढू नये, असा माझा सल्ला आहे. अंगारा कपाळाला लावल्याने काही बिघडत नाही आणि त्यातून घरच्यांना धीर येत असेल तर येऊ द्यावा. पण पोटात काहीही द्यायचे नाही, उपास घडवायचा नाही, धुरी द्यायची नाही, अंगाला हात लावायचा नाही आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत, या पाच गोष्टी पतींनी आधीच स्पष्ट सांगून ठेवाव्यात. काही घरांत अडचण उलटी असते. धारवाडच्या मनोरुग्णालयाचे, म्हणजे आजच्या डिमहान्सचे, नाव निघाले की ‘आमची आई वेडी नाही’ म्हणून माणसे उठून जातात. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे आणि मेंदूविकार व मानसोपचार असे दोन्ही विभाग जिथे आहेत तिथे जाण्यात कमीपणा नाही. दर वेळी तितके लांब जावे लागू नये म्हणून तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात आणि बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या विसरण्याच्या तपासणीचा दिवस कोणता, याची चौकशी करून ठेवावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीच्या पुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा आजार आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. आपल्या गावातही आणखी एखादे घर असेलच. ते शोधून काढले तर दोघींना बोलायला माणूस मिळेल.

आता महिना-महिन्याच्या पाळीविषयी. आपल्याकडे भावाभावांत शेताबरोबर आईवडिलांचीही वाटणी होते, महिना इकडे आणि महिना तिकडे, आणि धडधाकट म्हाताऱ्यांना नातवंडांचा सहवास मिळतो म्हणून ती पद्धत चालूनही जाते. स्मृतिभ्रंशात ती घातक ठरते. न्हाणी कुठे, पलंगाची कोणती बाजू भिंतीकडे, पाण्याचा तांब्या कुठे, हे पायांना आणि हातांना माहीत असते म्हणून माणूस अजून बराचसा स्वतःचा स्वतः वावरतो. बेळगावच्या किंवा पुण्याच्या घरात हे सगळे एका रात्रीत जाते. तिथे त्या पहिल्याच आठवड्यात पडतील, रात्रभर दार शोधतील आणि महिन्यानंतर परत आल्यावर आपले घरही त्यांना परके वाटेल. म्हणून पाळी लावायचीच तर ती सेवा करणाऱ्यांची लावावी. आई आहे तिथेच राहील आणि मुले तिच्याकडे येतील.

हे बोलून होत नाही, लिहून होते. एका कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंतची सगळी कामे वेळेसह लिहावीत: उठवणे, शौचाला नेणे, गोळ्या, भरवणे, अंघोळ, कपडे धुणे, दुपारची सोबत, संध्याकाळची फेरी, रात्रीची उठबस, औषधे आणणे, दवाखान्याची खेप, खर्चाचा हिशोब. प्रत्येक कामासमोर आज ते कोण करते ते लिहावे. बहुतेक घरांत एकच नाव खालपर्यंत येते आणि तो कागद पाहून जे बोलणे होते ते वर्षभराच्या तक्रारीने होत नाही. मग वाटणी करावी. पती सुट्टीला घरी येतात ती एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस सेवा पूर्णपणे त्यांच्याकडे असावी, त्यात शौचाला नेणेही आले, आणि त्या रात्री आपण दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. दीर बेळगावात आहेत, खानापूर तासाभराच्या आतबाहेर आहे. त्यांनी पंधरा दिवसांतून एक शनिवार-रविवार यावे आणि दवाखाना, औषधे, कागदपत्रे ही बाजू सांभाळावी. नणंदेने वर्षातून दोनदा, एक-दोन आठवडे माहेरी येऊन घर हाती घ्यावे, म्हणजे आपल्याला आपल्या माहेरी जाता येईल. आणि उरलेल्या वर्षात गावातल्या एखाद्या बाईला दुपारचे चार तास सोबतीला ठेवण्याचा पगार तिने द्यावा. लांब राहणाऱ्या मुलांकडून फोनवर सल्ले पुष्कळ येतात. सल्ल्याऐवजी एक ठरलेले काम किंवा ठरलेली रक्कम मागावी. हे मागणे उद्धटपणाचे नाही, मात्र ते सुनेने मागण्यापेक्षा मुलाने आपल्या भावाबहिणीकडे मागावे, म्हणजे त्याला भावजय-नणंदेच्या भांडणाचा रंग येत नाही.

घरात कुणी सैन्यातून निवृत्त असेल, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीमुळे आपल्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत, तर त्यांच्यासाठी व पत्नीसाठी असलेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून तपासण्या आणि औषधे मिळतात. सासरे सैन्यात होते का, हे आपण लिहिलेले नाही; असल्यास ते कार्ड चालू आहे का ते दिरांनी पाहावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तीवर निवृत्तिवेतन, कायदा आणि निवारा यांविषयी माहिती मिळते.

कागदपत्रांचे काम लवकर करावे, कारण त्यात मुदत आजार ठरवतो. पुष्कळ कुटुंबे वटमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून निर्धास्त होतात. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की मुखत्याराचा अधिकार संपतो. मृत्युपत्र करायचे असेल तर समज शाबूत असताना, त्या दिवशीच्या डॉक्टरांच्या दाखल्यासह करावे. ती वेळ निघून गेली असेल तर मालमत्तेच्या व्यवहारासाठी पालक नेमून घ्यायला न्यायालयातच जावे लागते, आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला हवा. तोपर्यंत कोणत्याही कागदावर सासूबाईंचा अंगठा घेतला जाऊ नये, नातेवाईक कितीही जवळचा असो. कुणी ‘सांभाळतो’ म्हणून जमीन लिहून घेतली आणि सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो, पण सांभाळण्याची अट त्या कागदात स्पष्ट लिहिलेली असावी लागते.

आपल्या स्वतःबद्दल आपण पत्रात एकच ओळ लिहिली आहे: ‘कधी कधी हात उगारावासा वाटतो आणि मग रडू येते.’ असे वाटणाऱ्या आपण पहिल्या नाही. थकलेल्या, झोप न झालेल्या माणसाला असे वाटते. त्या क्षणी सासूबाई सुरक्षित बसल्या आहेत एवढे पाहून दुसऱ्या खोलीत जावे, तोंडावर पाणी मारावे, शेजारणीला हाक मारावी. पण हे विचार वारंवार येऊ लागले, भूक-झोप गेली, कशातच मन लागेना किंवा आपण नसतो तर बरे असे वाटू लागले, तर तो नैराश्याचा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीत बोलायचे आहे असे सांगावे. आपला रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली, हेही कळवावे.

हा आजार किती दिवस चालेल याचे नेमके उत्तर कुणी देऊ शकत नाही. निदानानंतर सरासरी चार ते आठ वर्षे, काहींना त्याहून बरीच जास्त. पुढे चालणे थांबते, लघवी-शौचाचे भान जाते, गिळणे अवघड होते. त्या टप्प्यावर बसवून, हळूहळू, घट्टसर पेज चमच्याने भरवावी. शेवटच्या अवस्थेत नाकातून नळी घातल्याने आयुष्य वाढते किंवा ठसका टळतो असे दिसून आलेले नाही, तेव्हा तो निर्णय घाईत होऊ नये म्हणून तिन्ही मुलांनी त्यावर आताच बोलून ठेवावे.

पुढच्या भेटीला येताना गोळ्यांची पिशवी, आधीचे सर्व रिपोर्ट, आठवडाभराची नोंद (कोणत्या वेळी काय घडले आणि त्याआधी काय झाले होते) आणि कामांचा तो कागद आणावा. पती आणि दीर या दोघांपैकी एकाने तरी सोबत यावे, आणि सासूबाईंना तपासत असताना सुनेने आत उभे राहण्याची गरज नाही. तेवढा वेळ त्यांच्या मुलाने त्यांचा हात धरावा.